परतणे : वाक्यात उपयोग करा

फळ्यावर मी लिहिलं: परतणे.
पुढचं, वाक्यात उपयोग करा, हात सवयीने लिहून गेला.
चोडणच्या शाळेत तेव्हा चौथीला अकरा मुलं.

उल्का म्हणाली, आई सुंगटांसाठी कांदा परतते.
शाबास. सकर्मक.
तन्वेश म्हणाला, भाकरी परतली नाही तर करपते.
तेही बरोबर; बाजू बदलते, जागा तीच.
शेवटच्या फेरीबोटीने बाबा परतले,
असं तिघांनी लिहिलं, एकमेकांचं बघून,
तिघांच्याही बोटीला एकच वेलांटी चुकलेली.

खिडकीपाशी रोयदास. त्याचा बाप मानशीवर असायचा,
खाजनाच्या बांधातले ते लाकडी दरवाजे
भरती आली की आपले आपण मिटतात,
ओहोटीला आपले आपण उघडतात.
रोयदासने लिहिलं होतं:
पाणी परतते पण तेच पाणी परतत नाही.

मी लाल पेन उचललं, तसंच धरलं.
तेच नाही, हे कशावरून रे?
बाबा सांगतो. गेलेलं गोडं असतं, येतं ते खारं.

संध्याकाळी मानशीवर गेलो.
फटू जाळं लावून उकिडवा बसला होता.
भरती संपलेली, ओहोटी लागायची होती,
मधल्या त्या घटकेत
एक सुकी काडी दारासमोर नुसती उभी.
याला तुमच्या मराठीत काय म्हणतात, मास्तर?
वळणे, फिरणे, उलटणे, माघारी येणे,
मी मनातल्या मनात कोश चाळला,
सगळी चालती क्रियापदं.
वळण्याआधी थांबलेल्याला
मला तरी शब्द सापडला नाही.

मग फळी कुरकुरली.
काडीने तोंड फिरवलं, नदीकडे.
परतलें, फटू म्हणाला,
कोकणीत, नपुंसकलिंगी, कर्ता गाळून,
आणि जाळ्याची दोरी ताणली.

रोयदासला मी दहापैकी नऊ दिले.
एक कापला, पणच्या आधी स्वल्पविराम नाही म्हणून.

आता तो बोटीवर असतो, तारवटी.
वर्षातून एकदा फोन येतो, मागे इंजिनाची घरघर.
कधी परततोस, विचारलं की हसतो:
कोण, सर?

तो एक गुण त्याला परत करावा म्हणतो.
परत करणे.
हा उपयोग त्या दिवशी वर्गात
कुणालाच सुचला नव्हता,
मलाही.