अर्धा मोर

सायकलच्या ट्यूबची एक चकती,
वर जुन्या स्लिपरच्या तळव्याची दुसरी.
पिस्टन आता रबरावर आपटतो.
नळीभोवती रिजेक्ट चादरीची पट्टी,
तिच्यावर अर्धाच मोर.
दस्त्याखाली ज्वारीची पिशवी;
तांदूळ सरकतो, ज्वारी बसते.

लाइट गेली. अशोक चौकातले माग गप्प.
गच्चीवरून डब्यावर नेम धरला,
प्लास्टिकची गोळी सोडली.
"नान्ना, आवाज आला?"
"नाही रे."
उडीच मारली मी.

मग आठवलं,
चाळीस वर्षं मागाशेजारी उभा राहिलेला हा माणूस
कुकरची शिट्टीसुद्धा
आईच्या तोंडाकडे बघून ओळखतो.

नान्नांनी नळीवर तळवा ठेवला.
"परत सोड."
सोडली.
डोळे मिटूनच म्हणाले,
"इथं धडधडतंय अजून.
मोर पुरा कर."