परवानगी

चाळीस सेकंदांचा समुद्र.
पहाटेचे तीन बावीस. अक्रा, दुसरा मजला, करकरणारा पंखा,
आणि मी तो एकोणिसाव्यांदा सुरू करते.

लाट येते, नारळाच्या बुंध्याला वळसा घालते,
कुणाच्या तरी दारातून न विचारता आत शिरते.
आवाज मी बंद ठेवलाय.
आवाजातून कळण्यासारखं सगळं वहीत उतरवून झालं:
भाषा एवे, हेल केटाच्या बाजूचा,
एक कोंबडा, एक बाई,
बाईच्या तोंडी एक नाव, दोनदा.

कुणी म्हणतं, हा टोगोतला.
कुणी म्हणतं, तीन वर्षं जुना.
नऊ हजार जणांनी पुढे ढकललाय
रडक्या चेहऱ्याची टिकली लावून.
मी अकराव्या सेकंदाला थांबवते:
हिरवी टपरी, पिवळी अक्षरं,
'देव बघतोय केशकर्तनालय'.
उपग्रहाला देव दिसत नाही, टपरीचं गंजकं छप्पर दिसतं,
छपरावर टायर,
आणि पन्नास पावलांवर शाळेची भिंत.
जुळतं.
सावली समुद्राकडे पडलीय, म्हणजे दुपार कललेली.
भरतीचं कोष्टक मान डोलावतं.

टाकणाऱ्याचं नाव सेलॉर्म.
त्याच्या दाराशी आम्ही सगळे रांगेत,
लंडन, लागोस, पॅरिस, मी:
नमस्कार, हे आपणच चित्रित केलंत का?
वापरायची परवानगी द्याल का?
श्रेय देऊ.
एकानं शेवटी जोडलंय, सुखरूप आहात ना?
बाकीच्यांनी तेही नाही.
मी सुखरूप आधी विचारलं, परवानगी नंतर.
हा क्रम बदलायला मला सहा वर्षं लागली.

पाचला उत्तर आलं. फक्त मला,
बहुधा मी एवेत लिहिलं म्हणून.

'वापरा.
ताई, तुमच्याकडे मोठा पडदा असेल.
सदतिसाव्या सेकंदाला, डाव्या कोपऱ्यात,
निळा गंजी घातलेला एक जण आहे.
तो होडीकडे पळतो की शाळेकडे?
माझ्या फोनची काच फुटलीय.'

मी उजेड वाढवला. एकेक चौकट सरकवत गेले.
निळं.
निळं, आणि फेस.
मग फोन धरलेला हातच हलला होता:
वाळू, आभाळाचा तुकडा, कुणाची तरी चप्पल,
संपलं.

पाच चाळीसला सेन्यो, रात्रपाळीचा संपादक,
खुर्ची न सोडता: 'खात्री झाली?'
ठिकाण, हो. तारीख, हो. वेळ, हो.
'मग सोड.'
सोडली. खाली बारीक ओळ,
आमच्या प्रतिनिधीने पडताळलेले दृश्य.

सेलॉर्मच्या प्रश्नाखाली माझी तीन टिंबं
उमटतात, विझतात. त्याला दिसत असतील.

मी आवाज सुरू करते.
कोंबडा.
मग बाई: एलिकेम. एलिकेम.
वहीत हे नाव मी लिहून ठेवलं होतं,
नीट, अधोरेखित,
'उच्चार' या रकान्यात.