काना

भिवापूरच्या अलीकडे, डांबरी संपते तिथं
मिरचीचा सातरा.
दीडशे बाया ओळीनं, पाय लांब करून,
डेठ खुडतात.
सकाळी दहापर्यंत शिंका येतात,
मग शिंकाही थकतात.

सोनाबाई नन्नावरे लेकराला कोपरांनी उचलते.
तळहातानं शिवायचं नाही, हे तिला
कोणी शिकवलं नाही.
एकदा शिवली होती, बस.

मी टेबलावर. बारावी पास म्हणून.
माझ्यापुढं निळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर,
त्यात दोन पानं समोरासमोर:
डावीकडं बाई, दोनशे.
उजवीकडं गडी, साडेचारशे.
मधे दोऱ्याची शिवण.

"गडी पोते उचलते ना," मुनीम म्हणाले.
मी विचारलंही नव्हतं.

मग एका मंगळवारी कवडू, दशरथ, सगळे गडी
नांदच्या तेरवीला गेले
आणि गेटात ट्रक, नागपूरचा,
ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना.
रेवंता दडमल उठली. पदर खोचला.
"चाल व सोने. पोतंच त हाय.
दोन गुंड पान्यायेवढं."

अकरा बाया. एकशे चाळीस पोती.
फळी वाकायची, मग पाठ,
मग दोन्ही सरळ व्हायच्या, पुन्हा वाकायला.
चारचा दुसरा चहा, जो फक्त गड्यांना येतो,
आला तसा परत गेला.
गडी नव्हते ना.

संध्याकाळी रजिस्टर उघडलं.
उजवं पान कोरं.
रेवंता लिहायला घेतलं
आणि शेवटचा काना द्यायचा राहिला.
खरं सांगू? राहिला नाही. ठेवला.
रेवंत दडमल. साडेचारशे.
एका कान्याचे अडीचशे रुपये,
हे शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

शेवंताचा शेवंत झाला, शांताचा शांत.
सोनाचा सोन, कसातरीच वाटला, पण चालला.
मंदाचा मंद. मला हसू आलं,
तरी लिहिला.

बेबीपाशी अडले.
वेलांटी काढली तर उरतो बेब.
असा कुठं गडी असतो?
तिला तशीच ठेवली डावीकडं, दोनशेत.
पोती तिनं तेवढीच उचलली होती.

शनिवारी वाटप.
"रेवंत दडमल! कोन होय हा?"
कोणी हललं नाही.
मग रेवंता उठली, हात लुगड्याला पुसत.
"मीच होय. टरक भरला थो मीच."
"तू त बाई होय."
"पोत्याले नाई समजलं थे, मुनीमजी."
बाया हसल्या. साताऱ्यात हसलं की
ठसका लागतोच,
तर बराच वेळ हसणं कुठलं आणि खोकला कुठला
कळत नव्हतं.

मुनीमांनी पैसे दिले. त्या एका दिवसाचे.
मग रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं:
"दे सगळ्यायचे काने वापस."

मी दिले. एकेक. लाल पेनानं.
काना म्हणजे काय, एक उभी रेघ.
हजेरीचीही तीच रेघ,
रोज दीडशे वेळा मीच ओढते,
कधी हात थांबला नव्हता.

त्या रात्री माझा हिशेब केला.
माझ्याआधी या टेबलावर ढबाले होता, दहावी नापास.
त्याला महिन्याचे अकरा हजार,
पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिलंय.
मला सहा.
माझं नाव दीक्षा.
काना काढून पाहिला.
दीक्ष.
नाही जमत.

सोमवारी रेवंताला सांगितलं.
तिनं मान वर केली नाही,
डेठ खुडत राहिली.
"नाव नोको कापू व पोट्टे.
नाव आपलं हाय.
पान बदल."

बेबी तिच्या शेजारीच बसली होती.
ती काही बोलली नाही.
माझ्याकडं पाहिलं,
आणि पुढची मिरची उचलली.