मध्यंतरानंतर

कोपरीच्या थिएटरात आबा बॅटरी दाखवायचे.
मी मध्यंतराला डबा घेऊन जायची
आणि उरलेला सिनेमा
मागच्या पायरीवर बसून पाहायची.
फुकट. अर्धा.

म्हणून मला सुरुवाती माहीत नाहीत.
हा का रडतोय, तिने घर का सोडलं,
त्या दोघांत वैर कशाचं,
मी अंदाज बांधायची, बहुतेक चुकीचे.
एकदा ज्याच्यावर शेवटपर्यंत दातओठ खाल्ले
तो तिचा सख्खा भाऊ निघाला.
घरी येताना आबा हसले नाहीत.
म्हणाले, "आधीचं तू पाहिलेलं नाहीस,
एवढं ध्यानात ठेव."

थिएटर पाडलं. आता तिथे गाड्या लावतात.
मी कळव्याच्या इस्पितळात रात्रपाळीला असते.
इथे सगळे मध्यंतरानंतरच येतात.

काल सतरा नंबरचे तांडेल, तोंड भिंतीकडे.
सून आली, डबा ठेवला,
एक शब्द न बोलता गेली.
माझ्या ओठांवर आलं होतं काहीतरी.
गिळलं.

अडीचला त्यांनी पाणी मागितलं.
दिवा लावला असता तर अख्खा वॉर्ड उठला असता.
मी बॅटरी काढली,
आबा धरायचे तशीच धरली,
उजेड पायांपाशी.
तोंडावर कधीच नाही;
उशिरा आलेला माणूस
आधीच ओशाळलेला असतो, म्हणायचे.

दोन घोट घेऊन तांडेल पुटपुटले,
"ती जेवली असेल का?"

मला माहीत नव्हतं.
स्टूल ओढलं, बसले.