एक मिनिट आधी

कुआला तेरेंगानूत, नदीकडे पाठ करून उभ्या असलेल्या बँकेत,
चौथ्या मजल्यावर
रोझलैनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवते.
खरेदी : दहा वाजून बेचाळीस मिनिटं.
विक्री : दहा वाजून एक्केचाळीस.

वस्तू : कच्चं पाम तेल.
ते तिने कधी पाहिलेलं नाही.
कुठल्याशा बंदरात, कुठल्याशा टाकीत असतं म्हणतात.
सकाळपासून अकरा जणांचं होऊन जातं
आणि थेंबभरही हलत नाही.
हे चालतं. यावर विद्वानांच्या सह्या आहेत.
व्याज नको म्हणून व्यापार,
आणि व्यापार म्हटला की आधी घ्यायचं, मग विकायचं,
एवढीच तर अट.
दहा एक्केचाळीसला बँकेकडे तेल नव्हतं.
तुरी अजून बाजारातच होत्या.

एकच करार असता तर तिने चहा घेतला असता.
तीनशे सोळा निघाले.
सगळे गुरुवारचे, सुट्टीच्या आदल्या दुपारचे,
कुणीतरी रांग लवकर संपवायला
खालचं बटण आधी दाबलेलं.

एन्चिक झुल्हिल्मी वाईट माणूस नाही.
तो दार लावून घेतो, खुर्ची पुढे ओढतो.
घड्याळ मागे असेल सर्व्हरचं, म्हणतो.
तिने घड्याळ तपासलंय.
मग म्हणतो, एका मिनिटाने कुणाचं काय गेलं, सांग.

ती सांगू शकत नाही.
यादीत दोनशे चौथी आहे मक सू कलसोम,
लोसोंगच्या रस्त्यावर केरोपोक तळणारी.
तिचा फ्रीझर वेळेवर आला,
मासळी दगडासारखी राहिली,
हप्ता एकही चुकलेला नाही.
गेलं कुणाचंच काही नाही.
फक्त तिच्याकडून आलेला नफा
ज्या विक्रीवर उभा आहे
ती विक्री झालेलीच नाही.

वार्षिक अहवालाचा मसुदा फिरून येतो.
'कालक्रमातील किरकोळ तफावत.'
धुतलेलं, इस्त्री केलेलं वाक्य,
बाहीवर एक सुरकुती नाही.
टीप क्रमांक सतरा, पान एकशे बेचाळीस,
अक्षर मुंगीएवढं.
पहिल्या पानावर अध्यक्षांचं हसू, मागे ऑर्किड,
आणि 'विश्वास' हा शब्द नऊ वेळा. तिने मोजला.

संध्याकाळी ती लोसोंगला उतरते,
तपासणीला नाही, भूक लागली म्हणून.
गाडीच्या काचेला पुठ्ठा टेकवलेला,
त्यावर कोळशाने, तिरकं :
आज मासळी कमी, साबूचं पीठ जास्त.
वीस सेन स्वस्त.
लोक वाचतात. काही पुढच्या गाडीकडे जातात.
मक सू कलसोम त्यांना थांबवत नाही,
तेलातली काडी उलटत राहते.
'कालपण असंच लिहिलं होतं?' रोझलैनी विचारते.
'काल मासळी होती,' ती म्हणते,
'काल काय लिहायचं?'

तो पुठ्ठा मागून घ्यावासा वाटतो.
मागत नाही. उद्या लागेल तिला.

रात्री ती वाक्य खोडते.
उस्ताझ वान साइफुद्दीनना पाठवते नवं,
मध्ये एकही विशेषण नाही :
'तीनशे सोळा वेळा बँकेने
जे तिचं नव्हतं ते विकलं.
त्यावरचा नफा बँकेचा नाही.
तो कुठे गेला ते पुढच्या ओळीत.'
पुढची ओळ रिकामी आहे.
रक्कम अजून ठरायची आहे,
आणि ती ठरवणारे तिघंजण
सोमवारपर्यंत फोन उचलणार नाहीत.

उत्तर पहाटे येतं, दोन शब्दांचं :
अक्षर मोठं करा.

खाली झुल्हिल्मीचंही एक आलंय, त्याआधीचं.
विषय कोरा. आत काही नाही.
वेळ : बारा वाजून चार.
ती घड्याळाकडे बघते, सवयीने,
आणि बराच वेळ
तो कोरा निरोप उघडाच ठेवते.