सव्विसावा भाग

हर्णैच्या बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला आम्ही तिघं:
मी, मेहमूद पावसकर आणि दाजी चौगले,
शिवाय अमोनियाचा वास, जो सकाळी घरी येतो
आणि माझ्याआधी अंथरुणात शिरतो.

होड्या बर्फाला येणार चारला. तोवर लाद्या गोठतात.
लाद्या गोठताना बघण्यासारखं काही नसतं.
म्हणून मेहमूदनं मिठाच्या गोणीला फोन टेकवला
आणि लावली ती जुनी जपानी मालिका,
मामानं जहाजावरून आणलेली,
हातानं रंगवलेली, कडेला जराशी थरथरणारी.

गोष्ट अशी: एक पोरगी आहे, वय सतरा,
राक्षसांचे दात काढते.
पाठीवर पेटी, पेटीत पकडी, सोबत एक बेडूक
जो भूल द्यायला गाणं म्हणतो आणि स्वतःच झोपतो.
डोंगराएवढे राक्षस, गावंच्या गावं गिळलेले,
पकड बघितली की आईला हाक मारतात.

दाजींनी पहिल्या रात्री एवढंच विचारलं:
“हिचं डोलं एवढं मोठं कशाला रं? थायरॉईड हाय?”
दुसऱ्या रात्री स्टूल घेऊन आले.
तिसऱ्या रात्री आम्हाला उशीर झाला तर रागावले.

खाली इंग्रजी अक्षरं पळायची. ती मी वाचायचो
आणि दाजींना सांगायचो आपल्या बोलीत.
राक्षस हळूहळू हर्णैचे झाले.
एक तर हुबेहूब मासळीचा लिलाव पुकारायचा,
एकाला मी दापोलीचा तलाठी केला.
दाजी हसले की डावीकडची किडकी दाढ दिसायची,
आणि हसता हसताच ते गाल दाबून धरायचे.

मग आला एकोणिसावा.
म्हातारा राक्षस. एकच दात उरलेला, तोही हलणारा,
आणि तो काढू देत नाही.
बेडूक गातो, झोपतो, हंड्यात पडतो. आम्ही हसतो.
पोरगी विचारते, का नाही?
तो तोंड उघडून दाखवतो.
दाताच्या आतल्या बाजूला कोरलेलं एक नाव,
लेकीचं. रोज रात्री
जिभेनं वाचतो.

वाक्य खालून निघून गेलं. मी सांगितलं नाही.
कॉम्प्रेसर तेवढा धडधडत राहिला.
“काय म्हनतोय?” दाजी.
म्हटलं, म्हणतोय दुखत नाही आता, जातो घरी.
“खोटं सांगतंस.
त्वांड दिसतंय ना मला त्याचं.”

आणि त्याच क्षणी, कोणाला न विचारता,
बेडकाला उचकी लागली.

आमच्याकडे मालिकेत कोणी मरणार असलं
की आधी वीज कडाडते,
तीन वेळा तेच तोंड दाखवतात, तीन बाजूंनी.
इथं पेजेत खडा यावा तसं आलं,
आणि पेज चालूच.
आम्ही हसलो. मेहमूदनं बाहीला नाक पुसलं.
मी विसरून उघडा तळवा लादीवर टेकला होता,
उचलायला गेलो तर कातडी चिकटलेली.
नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगतो:
बर्फ गार असतो ही अर्धी माहिती. भाजतोही.

जूनला मासेमारी बंद, कारखाना बंद.
सव्विसावा राहिला होता, शेवटचा.
“ऱ्हाऊ दे,” दाजी म्हणाले, “फुडच्या हंगामाला.”

पावसात ते दापोलीला जाऊन दाढ काढून आले.
खुर्चीत बसले आणि हसूच आवरेना म्हणे,
डॉक्टरीण घाबरली, काय झालं विचारलं,
तर म्हणाले, “बेडूक कुठाय?”
निघताना दाढ मागून घेतली.

ऑगस्टात पहिल्याच रात्री तंबाखूची डबी उघडली.
मेहमूदनं टॉर्च मारला.
पिवळी, पोखरलेली, मुळाशी काळी.
“काहीच लिहिलेलं नाही, दाजी.”
“तुला नाय दिसायचं,” म्हणत त्यांनी डबी मिटली,
आणि खिशात कुठं ठेवू, कुठं ठेवू करत
शेवटी हातातच ठेवली.

मेहमूदनं फोन शर्टाला पुसला, गोणीला टेकवला.
चार वाजायला अजून अवकाश होता.