मे महिन्यातला बग

खामल्याच्या खोलीत, कूलरच्या शिंतोड्यांपासून
हातभर लांब, ते जुनं ग्राफिक्स कार्ड.
नऊ वर्षं त्याचा ड्रायव्हर लिहिला.
फुकट. ज्याला हवा त्यानं न्यावा.

पडद्यावर पहिला त्रिकोण उमटला
तेव्हा रात्रीचे तीन. बाबा उठून आले :
"काऊन रे, एवढ्यासाठी जागला?"

सोमवारपासून कंपनी.
सही केली : यापुढे सुचेल ते त्यांचं.
सांभाळणाऱ्यांच्या यादीतून
सुगत मेश्राम, एक ओळ वजा.

एक बग तेवढा राहिला.
पारा सेहेचाळीसवर गेला की
डाव्या कडेला हिरवी रेघ थरथरते.
आजवर दुसऱ्या कुणालाच दिसली नाही.

तिथं बाराही महिने एसी.

कार्ड धाकटीकडे दिलंय.
मे लागला की सुरू कर म्हटलं,
भर दुपारी,
कूलर बंद करून.